पहाटफेरीला कोणतं खातं?

पहाटफेरी मंडळाच्या बायका तिसऱ्यांदा हात हलवत परत आल्या. सोनगिरीच्या राजानं संस्थांना मदत द्यायला चांगली चार खाती काढली होती, पण या मंडळाला त्यातलं एक बसेल तर शपथ!

मंडळाचं काम साधं. तांबडं फुटायच्या आधी डफ वाजवत, भूपाळ्या म्हणत गल्लोगल्ली फिरायचं आणि सगळ्या नगराला उठवायचं. पण डफाचं कातडं फाटत आलं होतं, मशालीला तेल नव्हतं. परवा अंधारात मंडळातल्या म्हाळसाक्का गटारात पडल्या आणि पाय धरून बसल्या. मदत हवीच होती.

सेना खात्यात सेनापतींनी विचारलं, "तलवार चालवता?"

"नाही, पण तुमच्या शिपायांना उठवतो."

"उठवायचं काम कोंबड्यांचं. कोंबड्या शेती खात्याकडे."

शेती खात्याचा अधिकारी म्हणाला, "ठीक आहे. अंडी किती देता?"

देवस्थान खात्यात त्याहून कहर. "एकाच देवाचं नाव सांगा. मग फेरी त्याच्याच आळीत काढायची, बाकीचं नगर झोपेना का!"

उरलं खासगी खातं. त्याचे प्रमुख खुद्द राजा चंडप्रताप. नियम एवढाच, की महाराजांच्या सुखाला लागेल ते त्यातून द्यायचं. त्यातून अत्तरं यायची, बोलके पोपट यायचे. तिथे तोंड उघडायची कोणाची छाती होती?

शेवटी मंडळाची पुढारीण सगुणा, कुंभारआळीतली, थेट दरबारात जाऊन उभी राहिली. राजा आधीच वैतागलेला.

"आज कोंबडी, उद्या देव, परवा शिपाई! खात्याखात्यातून भटकणं बंद. आता एकच खातं निवडायचं. चुकलात तर मंडळ मोडलं, आणि तो डफ सरकारजमा."

नवरा गेल्यावर सगुणा घरात कोंडून बसली होती. याच बायकांनी एका पहाटे दाराशी डफ बडवून बडवून तिला बाहेर ओढलं होतं. मंडळ मोडलं तर पुन्हा त्याच चार भिंती. पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"महाराज, आमचं खातं कोणतं हे ओळखायचं कसं?"

"सोप्पं आहे," राजा खवचटपणे म्हणाला. "जे तुझं असेल ते आपल्या पायांनी चालत तुझ्या दारात येईल!"

दरबार पोट धरधरून हसला. सगुणा शांतपणे म्हणाली, "उद्या दुपारच्या घंटेच्या आत आलं तर?"

"तर ते मुकाट्यानं मदत देईल. राजाचा शब्द. पण तू कोणाला बोलवायचं नाहीस, निरोप धाडायचा नाहीस."

"नाही धाडणार. आम्ही काहीच करणार नाही."

घरी येऊन तिनं बायकांना गोळा केलं. "बायांनो, उद्या फेरी नाही. ताणून झोपा."

म्हाळसाक्कांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. "अगं, मग नगर कोण उठवणार?"

"कोणी नाही. बघू तरी, कोणाचं अडतं ते."

दुसऱ्या दिवशी काय गंमत सांगू! कोंबडे आरवून आरवून थकले, पण त्यांचं कोण ऐकतो? नगराच्या कानाला सवय डफाची. सूर्य चांगला वर आला तेव्हा कुठे पहिली जांभई ऐकू आली, आणि मग जी पळापळ उडाली! सेनापती उलटं पागोटं घालून कवायतीच्या मैदानाकडे धावले. पुजारी एका हातात घंटा, दुसऱ्या हातात दातवण घेऊन देवळाकडे सुटले. शेतीचा अधिकारी हंबरणाऱ्या म्हशींच्या मागे, की म्हशी त्याच्या मागे, ते काही कळलं नाही. सगळे सगुणाच्या दारावरून गेले आणि एकही आत वळला नाही. जो तो आपली फजिती झाकायच्या गडबडीत होता.

ऊन ओट्यावर आलं. म्हाळसाक्कांनी डफ हळूच पदराखाली घेतला. सगुणाला कधी नव्हे ते रडू येऊ लागलं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला आरडाओरडा झाला. एका पायात जोडा, मिशीची एक बाजू वर, एक खाली, अशा थाटात राजा चंडप्रताप तरातरा चालत आला.

"कुठे आहे ती सगुणा? आज डफ का नाही वाजला? राजकन्येला बघायला पाहुणे भल्या सकाळी आले! दरवान घोरतोय, आचारी घोरतोय, आणि होणाऱ्या विहीणबाईंनी मला पलंगावर घोरताना पाहिलं!"

"अगंबाई! काय म्हणाल्या हो?" म्हाळसाक्कांनी विचारलं.

"म्हणाल्या, मुलगीही अशीच घोरते का? माझ्या सुखाचं खोबरं झालं! उद्यापासून तो डफ रोज वाजला पाहिजे, आणि राजवाड्यापाशी सगळ्यात आधी!"

सगुणानं डोळे पुसले, पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि हात जोडून म्हणाली, "बसा महाराज. न बोलावता चालत आलात, घंटा व्हायच्या आत आलात. आता एवढंच सांगा, आपण कोणत्या खात्याचे?"

राजाच्या मागून दुसरा जोडा घेऊन धापा टाकत आलेले प्रधानजी हळूच म्हणाले, "खासगी खात्याचे, महाराज."

घंटा वाजली, पण ती कोणाला ऐकू आली नाही, कारण राजा पाटावर बसून गदागदा हसत होता. हसता हसता त्याची मिशी दोन्हीकडून खाली आली.

"हरलो! माग काय हवं ते."

"डफाला कातडं, मशालीला तेल, म्हाळसाक्कांना वैद्य. दर वर्षी, न मागता."

"दिलं. वर मंडळातल्या सगळ्यांना पैठण्या. आणखी?"

सगुणानं बायकांकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे अजून झोपेनं मऊ होते. "आणखी म्हणजे, वर्षातून एक दिवस आम्हालाही असंच उशिरापर्यंत झोपू द्या."

"दिलं," राजा उठत म्हणाला. "पण आधी मला विचारा, त्या दिवशी पाहुणे आहेत का!"