उकललेली मूठ

बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून गुपचूप कान देणाऱ्या आजोबांनो, ही गोष्ट फार जुन्या काळातली. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. एका रुंद नदीच्या काठी हैबती नावाचा नावाडी राहत होता. या तीरापासून त्या तीरापर्यंत एक जाड दोर ताणलेला असे आणि त्याच्या आधाराने हैबती लोकांना पैलतीरी नेऊन सोडी.

पोटासाठी तो नाव चालवी, पण जीव होता त्याचा सुऱ्या घडवण्यात. उतारू नसले की तो घरामागच्या भट्टीशी जाऊन बसायचा. मोडका विळा, झिजलेला फाळ, त्याला काहीही चाले. भात्याने निखारे फुलवायचे, लोखंड लाल करायचं, ऐरणीवर ठोकून आकार द्यायचा, तेलात बुडवायचं आणि मग दगडावर घासत बसायचं, अंगठ्याच्या नखावर धार अडेपर्यंत. विकायची मात्र एकही नाही. कुणाला आवडली की देऊन टाकायची. वैद्यबुवा त्याच्या सुरीने मुळ्या कापत, हौसा माळीण त्याच्या सुरीने फुलांचे देठ कापी. सगळ्यांत देखणी सुरी त्याने नावेतच ठेवली होती, आडव्या फळीला खोचून.

एक गोष्ट काही त्याला जमत नसे, ती म्हणजे लाकूडकाम. मूठ करायची ती पैलतीरावरच्या म्हाळूने. म्हाळू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. शिसवाचा तुकडा तो असा गोल करी की मूठ हातात आपसूक बसावी. मग मुठीला भोक पाडून त्यात वितळलेली लाख ओती आणि पात्याचा मागचा निमुळता भाग, ज्याला शेपूट म्हणतात, तो आत दाबून बसवी.

“लाख एकदाच धरती बघ,” म्हाळू सांगायचा. “उकलून परत बसवली तर नुसती चिकटती, धरत न्हाई. एकदा बसवली की इसरायची.”

आणि हैबती विसरायचा. दोघांचं छान चाललं होतं.

एके दिवशी नावेत एक फेरीवाला बसला. मण्यांची पेटी मांडीवर, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. फळीची सुरी काढून त्याने उलटीपालटी केली.

“झकास हाय की. मूठ कुणाची?”

“आमच्या म्हाळूची.”

“आत शेपूट पुरती हाय न्हवं?”

“म्हंजे?” हैबतीने विचारलं.

“अवो, ह्ये मूठवाले शेपूट निम्मी कापत्यात आन् लोखंड ठिवून घेत्यात. वरनं कुणाला दिसतंय? मी आपलं सहज म्हणलं.”

सहज म्हणणाऱ्यांचा मला भारी राग येतो. तीर आलं, फेरीवाला उतरला, पुढच्या गावी पोचेपर्यंत तो आपलं बोलणं विसरलाही असेल. हैबती मात्र ते घेऊन घरी आला.

संध्याकाळी त्याने सुरी तळहातावर तोलली. हलकी वाटली. काल नव्हती वाटत. दुसऱ्या दिवशी म्हाळूच्या ओसरीवर त्याला एक चकचकीत आरी दिसली.

“ही कुठली रं?”

“जुनीच हाय. काल घासली जरा,” म्हाळू म्हणाला.

जुनी होती तर घासली कशाला? आणि नेमकी कालच का? हैबतीच्या मनात पाल चुकचुकली. तो हसला, म्हाळूने दिलेला गूळ खाल्ला, पण परतताना नजर त्या आरीवरच होती.

भट्टीशेजारच्या कुंपणावर एक सरडा उन्हाला बसायचा. त्याच्याकडे बघत हैबती स्वतःशीच पुटपुटला, “म्हाळू असं करील व्हय?” सरड्याने मान हलवली. आता सरडाच तो, ढगाकडे बघूनही मान हलवतो. पण ज्याला हवंच असतं, त्याला सरड्याचा होकारही पुरतो.

हैबतीने एक सुरी निखाऱ्यांवर धरली. मूठ तापली, लाख पाघळली, त्याने पातं ओढून काढलं. शेपूट पुरती होती. त्याने घडवली होती तेवढीच.

तुम्हाला वाटेल, झालं, सुटला बिचारा. छे! हैबती म्हणाला, “ही माझ्यासमोर बसवली व्हती. हिला कशी कापंल?” त्याने पातं परत आत दाबलं आणि दुसरी सुरी उकलली. तीही पुरती. मग तिसरी. प्रत्येक शेपूट पुरती निघे, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटे, गडी भलताच सावध आहे.

घरातल्या संपल्या, तेव्हा त्याने गावाला दिलेल्या सुऱ्या मागून आणल्या. “धार लावून देतो,” असं सांगून. त्याही उकलल्या, पाहिल्या, दाबून बसवल्या आणि परत केल्या. नावेतली ती देखणी सुरी तर एकदा पाहून त्याचं समाधान होईना. आपण नीट पाहिलं का, या शंकेपायी ती पुनःपुन्हा निखाऱ्यांवर गेली.

“घावलं का काही?” त्याची बायको सारजा दारातून बघत होती.

“न्हाई.”

“मंग म्हाळूभावजी सुटलं म्हणायचं.”

“तुला न्हाई कळायचं त्याचं,” हैबती म्हणाला.

“मला त्यांचं कळतंय,” सारजा म्हणाली. “तुमचं कळंना झालंय.” आणि ती आत गेली.

थोड्याच दिवसांत गावात कुरकुर सुरू झाली. हौसा माळणीच्या सुरीची मूठ हलू लागली. वैद्यबुवांची तर मुळी कापताना सुटूनच आली. लोक म्हणू लागले, म्हाळूचा हात बिघडला. ज्या मुठी म्हाळूने बसवल्या होत्या, त्या हैबतीने उकलल्या होत्या, हे गावाला कुठे ठाऊक? आणि हैबती? तो तर हे ऐकून खूश झाला. “बघ, मी म्हणत व्हतो का न्हाई?” सरड्याने मान हलवली.

पैलतीरावर बोलणं पोचलंच. वर डोंगरात पाऊस पडून नदी गढूळ झाली होती, तरी म्हाळू टोपलीभर ताजी लाख घेऊन तिकडच्या घाटावर, हैबतीच्या नावेशी आला. तोंड उतरलेलं.

“माझ्या लाखंतच खोट आली आसंल, हैबती. घरोघर जाऊन समद्यांच्या मुठी नव्यानं बसवून देतो. माझ्यापायी कुणाचा हात कापला तर मला जेवण जायचं न्हाई. पयली तुझ्या नावंतली बसवतो, दे.”

एवढं ऐकून कुणाचंही काळीज हललं असतं. हैबतीला वाटलं, आता हा पुरावा लपवायला निघालाय.

“माझी चांगली हाय,” तो तुटकपणे म्हणाला आणि त्याने नाव लोटली.

दोघे दोस्त समोरासमोर बसले. नाव मधोमध आली, तोच वरून एक उन्मळलेलं झाड वाहत आलं आणि ताणलेल्या दोरावर आदळलं. दोर कमानीसारखा वाकला. नाव त्या दोराला एका आखूड दोरीने अडकवलेली होती. ती दोरी सोडवायला म्हाळू पुढे धावला आणि तिचा पीळ त्याच्याच उजव्या हाताला पडला. झाड दोर ओढत होतं, दोर दोरी ओढत होता आणि म्हाळूचा हात नावेच्या काठावर चेंगरत चालला होता.

“काप!” म्हाळू ओरडला. “हैबती, सुरी!”

हैबतीने फळीची सुरी उपसली आणि सगळा जोर लावून दोरीवर ओढली. धार त्याचीच होती, दोरीचे पेड पटापट तुटू लागले. थोडेच उरले होते. त्याने परत जोर लावला आणि मूठ हातात रिकामी आली. पातं पाण्यात पडलं आणि गढूळ नदीने ते गिळलं.

हैबतीने दातांनी, नखांनी दोरी तोडू पाहिली. शेवटी ती झाडाच्याच ओढीने तुटली. नाव भोवऱ्यासारखी फिरली आणि खालच्या वळणावर चिखलात जाऊन रुतली. जीव वाचला दोघांचा. म्हाळूचा हात वाचला नाही.

हैबतीने आपलं मुंडासं फाडून तो हात बांधला. त्याला रडू आवरेना. ती रिकामी मूठ नावेत त्याच्या पायाशी पडली होती. म्हाळूने ती डाव्या हाताने उचलली आणि आतल्या भोकात पाहिलं. एकदा बसवलेली लाख लालसर राहते. ही जळून काळी पडली होती.

“माझ्या लाखंत खोट न्हवती,” तो हळूच म्हणाला. “तू उकललीस ही.”

हैबतीने मान खाली घातली. “शेपूट बघाया उकलली.”

“व्हती का?”

“व्हती,” हैबती म्हणाला. “समद्यांत पुरती व्हती.”

म्हाळूने ती मूठ परत हैबतीच्या हातात ठेवली. त्याने शिव्या दिल्या असत्या, तर हैबतीला बरं वाटलं असतं.

हैबती मग घरोघर गेला आणि खोट लाखेत नव्हती, आपल्यात होती, हे दारोदार उभं राहून त्याने सांगितलं. म्हाळूचं नाव धुऊन निघालं, पण त्याच्या बोटांनी परत पटाशी धरली नाही. हैबतीची भट्टी अजून पेटते. तो उत्तम पाती घडवतो आणि चिंधीत गुंडाळून कोनाड्यात ठेवतो, कारण त्यांना मुठी करणारं आता कुणी नाही. कुंपणावर सरडा असतो. तो मान हलवतो, पण हैबती त्याला काही विचारत नाही.

म्हणून सांगतो, बाळांनो: धरून बसलेला विश्वास तपासण्यासाठी उकलला, तर आत काही खोट निघो वा न निघो, तो पुन्हा तसा धरत नाही.