काम नसलेली हाक

“मग ते येत का नाही?” मामांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मामा म्हणजे माझे सासरे, रणनवरे सर. चौतीस वर्षं हायस्कुलात पी.टी. शिकवली. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी अजून रिटायर झालेली नाही.

समोर मायाप्पा आबा बसले होते. धनगर, ऐंशीच्या घरातले. माळावर त्यांची मेंढरं, मेंढरांभोवती वाघरीची जाळी. त्यांच्या कुत्र्यांचं नाव साऱ्या तालुक्यात. कुणाचं कुत्रं ऐकेनासं झालं की लोक ते आबांकडं घेऊन येतात.

आमचं पिल्लू माझ्या मांडीवर होतं. स्कूटरवरून सहा किलोमीटर ते माझ्या पदरात गुंडाळून आलं होतं. वाटेत त्या पदराचं काय झालं, ते मी मामांना सांगितलं नव्हतं.

“बस म्हटलं की बसतं,” मामा म्हणाले. “थांब म्हटलं की थांबतं. पाच महिन्यांचं पिल्लू, आबा! शिस्तीत कुठं कमी नाही. फक्त ये म्हटलं की येत नाही.”

“दावा की.”

मामांनी एक शिट्टी फुंकली. पिल्लू माझ्या मांडीवरून उतरून ताठ बसलं. दोन शिट्ट्या. उभं राहिलं.

मीही अर्धी उठले होते. पुन्हा बसले. घरात आम्ही दोघंच नवे. तीन महिन्यांत सवयी लागतात.

मग मामा वीस पावलं लांब गेले, वळले, छाती पुढे काढली.

“सम्राट! इकडे ये!”

पिल्लाचं पोट जमिनीला टेकलं. शेपूट आत गेली. आणि सम्राट सरपटत सरपटत आबांच्या घोंगड्यामागं जाऊन लपले.

“सम्राट व्हय?” आबा म्हणाले. “लई मोटं नाव ठिवलंय. बिचाऱ्याचा पाय अडकत आसंल त्यात.”

मला हसू आलं. पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. पदर तोच होता.

मामा परत आले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“हट्टी आहे,” ते म्हणाले.

“तुमचं वय काय, मास्तर?”

“सदुसष्ट.”

“ह्या वयाला कुत्रं कशापायी घितलं?”

“लग्नाचा मांडव उतरला आणि घर मोठं वाटायला लागलं.” मामांनी माझ्याकडं पाहिलं. “म्हणजे… ही आहे घरात. पण मुलगा पुण्याला.”

“येतोय का?”

“मी बोलावतो,” मामा म्हणाले.

मी चपलेवरची माती झाडू लागले.

पुण्यात आमची खोली ठरायची आहे, म्हणून मी सासरी. माझा नवरा, श्रीरंग, दर रविवारी येणार होता. गेले पाच रविवार आलेला नव्हता.

आबांनी चंचीतून तंबाखू काढली. मळली. दाढेला धरली. त्यात बराच वेळ गेला.

“कवा कवा बोलावता ह्याला?”

“म्हणजे?”

“काल कवा बोलावलं?”

मामांनी आठवलं. “सकाळी. माझी चप्पल कुरतडली होती.”

“मग?”

“आला. अजून येतो कधीमधी, थोडा थोडा. पेपरची सुरळी करून नाकावर एक दिली. जोरात नाही हां, आबा. समज म्हणून.”

“आनि?”

“दुपारी आंघोळीला बोलावलं. संध्याकाळी साखळीला बांधायला.”

“आनि?”

“आणखी काय…” मामा विचारात पडले. “पाहुणे आले तेव्हा, बसून दाखव म्हणून.”

“आन् उगंच?”

“उगंच म्हणजे?”

“काय बी काम नसताना.”

मामा हसले. शाळेत मुलानं वेडा प्रश्न विचारला की हसत असतील, तसे.

“काम नसताना कशाला बोलवू?”

आबांनी माळाच्या पार टोकाला पाहिलं. तिथं त्यांची म्हातारी कुत्री मेंढरांच्या कडेनं फिरत होती. आबांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. आवाज असा हलका, की मला वाटलं तंबाखूच थुंकले.

कुत्रीनं मान वर केली. धावत आली. सगळा माळ ओलांडून, धापा टाकत, आबांच्या गुडघ्याशी येऊन थांबली.

आबांनी तिचा कान दोन बोटांत धरून चोळला.

“जा,” म्हणाले.

ती वळली आणि आली तशी परत गेली.

मामा वाट पाहत राहिले. मग न राहवून म्हणाले, “काय काम होतं तिच्याकडं?”

“काय न्हवतं.”

…

वारा पडला होता. एक कोकरू जाळीत तोंड घालून ओरडत होतं.

“मास्तर,” आबा म्हणाले, “आमच्यात कुत्र्याला मारत न्हाईत, आसं न्हाई. चुकलं तर काठी बसती. पर बोलावून कुनी मारत न्हाई. आलेल्याला मारलं, की हाक नासती.”

“हाक नासते?”

“दुधावानी. मग किती बी उकळा.”

मामांनी शिट्टी मुठीत धरली. मला श्रीरंगचा फोन आठवला. गेल्या बुधवारचा. मामांनी रविवारी बोलावलंय, असं मी सांगितलं होतं. तिकडून त्यानं विचारलं, “का गं? माझं काय चुकलं?”

चेष्टेत नव्हतं. खरंच विचारत होता. एकतीस वर्षांचा माणूस.

मी म्हटलं होतं, “काही नाही. नुसतंच बोलावलंय.”

“बाबा नुसतंच बोलावत नाहीत,” तो म्हणाला होता.

“यावर उपाय?” मामांनी विचारलं.

“ह्याचा सोपा हाय. लहान हाय अजून. त्या नावाला मार चिकटलाय. ते नाव टाकून द्या. नवं ठिवा. आन् नव्या नावानं हाक मारली, की मारायचं न्हाई, बांदायचं न्हाई. जन्मात न्हाई.”

“पण नाव मी विचार करून ठेवलं होतं.”

“टाकताना बी विचार करून टाका.” आबा माझ्याकडं वळले. “सूनबाई, तू काय म्हनतीस ह्याला?”

मला बोलावं लागणार असं वाटलं नव्हतं.

“मी… सम्राटच,” म्हटलं.

आबा माझ्याकडं बघत राहिले.

“बटर,” मी म्हणाले.

“काय?” मामा.

“दुपारी चहाबरोबर बेकरीतलं बटर खाते ना मी. चहात बुडवून… अर्धं त्याला देते. मग तेच म्हणते.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून, मामा.”

मामा काही बोलणार होते. आबांनी हात वर केला.

“तुमीच मारा हाक, मास्तर. बसून मारा. शिट्टी काडून ठिवा.”

मामांनी शिट्टीची दोरी डोक्यावरून काढली. ती कानाला अडकली. सोडवून त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली. तिच्याविना त्यांचा गळा कुणाचा तरी दुसऱ्याचाच वाटत होता. मग गुडघ्यावर हात टेकत ते मातीत बसले.

“बटर,” म्हणाले. जड गेलं त्यांना. पुन्हा म्हणाले, “बटर…”

घोंगड्यामागून आधी नाक आलं. मग एक कान. पिल्लू थोडं पुढं आलं, थांबलं, मामांच्या हातांकडं पाहिलं. हात रिकामे होते. ते आणखी पुढं आलं आणि त्यांच्या बोटांचा वास घेऊ लागलं.

मामांचा हात सवयीनं त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडं गेला.

“काय करताय?” आबा म्हणाले.

“धरतो.”

“कशाला?”

मामांनी हात मागं घेतला. पिल्लू त्यांच्या चपलेजवळ आलं, अंगठा चाटला आणि निघून गेलं. मेंढरांच्या लेंड्या हुंगत लांबवर गेलं. मामा त्याच्याकडं बघत राहिले. सांगितलं नसताना त्यांनी आणखी एकदा हाक मारली. ते पुन्हा आलं. पुन्हा गेलं.

मला वाटलं, आता उठू. ऊन उतरायला लागलं होतं. पण मामा उठले नाहीत.

“आबा,” ते म्हणाले, “तोही धावत यायचा.”

“कोन?”

“चार-पाच वर्षांचा असेल. मी शाळेतून आलो की फाटकातून हाक मारायचो. हातातलं टाकून धावत यायचा. एकदा येताना दौत सांडली माझ्या रजिस्टरवर…”

मी शिट्टीकडं पाहत राहिले. तिच्या आतली गोळी झिजून बारीक झाली होती.

“नंतर प्रगतिपुस्तक घेऊन ये म्हणून बोलवायचो. सायकलची हवा कुणी सोडली, म्हणून बोलवायचो. त्याची आई गेली, त्या दिवशीही… ‘श्रीरंग, इकडे ये’ म्हटलं. तर दारातच उभा राहिला. विचारलं, मी काय केलं?”

आबा तंबाखू थुंकायला वाकले होते. तसेच थांबले.

…

मामांनी मान वर केली.

“ज्याचं नाव आता बदलता येत नाही, आबा… त्याला कशी हाक मारायची?”

आबांनी माझ्या हातातली शिट्टी घेतली, तळव्यावर ठेवून पाहिली आणि आपल्या चंचीत टाकली.

“तितं हाक मारू नका, मास्तर. तुमीच उटून जावा. आन् दारात त्येनं इचारलं, काय काम हाय… तर सांगा, काय न्हाई.”