तांडेलाची पायरी

खाडीच्या तोंडाशी, डाव्या हाताला, पाण्यातून वर आलेला काळा खडक दिसतो ना, त्यावरचा पांढरा क्रूस बघून घ्या. आता मी सुकाणूवरचा हात काढणार आहे. घाबरू नका. एक 'आमच्या बापा' म्हणून होईपर्यंत होडी आपली आपण जाईल. मागे एकदा पुण्याच्या एका बाईंनी इतका आरडाओरडा केला, की माझी प्रार्थना मधेच तुटली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली. तेवढा वेळ गप्प बसलात तर उपकार होतील.

झालं. आलो आत. आता सांगतो.

आमच्या खडपे गावात ही रीत कधी पडली, ते नक्की कोणी सांगत नाही. होड्यांना इंजिनं नव्हती, शिडं होती, तेव्हाची गोष्ट आहे म्हणे. गावात एक तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीवही त्याच्याच हातात. त्याचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

हा तांडेल मोठा भक्त होता, असं सांगतात. उपवासकाळात दिवस दिवस अन्नाला शिवत नसे. रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, पहिल्या बाकावर तो, मिरवणुकीत क्रूस त्याच्याच खांद्यावर. आणि त्याच्याइतका ताठ माणूसही गावात दुसरा नव्हता. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. त्या देवळात तो गुडघे टेकायचा खरा, पण शेजारी बसणारे म्हणत, हा देवाकडे मागत नाही, देवाला कामं सांगतो. वारा अमुक बाजूने दे, जाळं भरून दे, आणि उशीर करू नको.

त्याचा धाकटा भाऊ पास्कोल त्याच्याच होडीवर होता. एकदा पास्कोलने सुकाणू धरलं आणि होडी चिखलात रुतवली. तसं कोणाचंही होतं. पण तांडेलाने सगळ्या बंदरासमोर त्याची टर उडवली, बायका मासळी निवडत होत्या त्यांनाही हसायला लावलं, आणि पुन्हा सुकाणूला हात लावायचा नाही असं बजावलं. तेव्हापासून पास्कोल पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला, बसायचा. दोघं भाऊ एका होडीत, पण हुकमापलीकडे त्यांच्यात शब्द नव्हता.

आता खाडीत शिरायची वाट बघा. किती अरुंद आहे. दोन्ही अंगांना खडक, आणि भरतीला त्यातले बरेचसे पाण्याखाली जातात. आमचे लोक किनाऱ्यावरच्या खुणा धरून आत येतात. देवळाची पांढरी भिंत आणि तिच्यामागचा डोंगराचा खांदा एका रेषेत आले की वाट सापडली. पावसात डोंगर दिसत नाही, तेव्हा सारी भिस्त त्या पांढऱ्या भिंतीवर.

एका वर्षी तांडेलाला मासळी उदंड मिळाली आणि त्याने बंदरावर दगडी क्रूस उभारायचा नवस केला. जागा त्यानेच निवडली. देवळाच्या उत्तरेला उंच टेकाड आहे, तिथे, म्हणजे समुद्रातून येणाऱ्याला देवळाच्या आधी क्रूस दिसावा. खाली रुंद चौथरा, आणि चौथऱ्याच्या दर्शनी दगडावर त्याचं स्वतःचं नाव, हातभर अक्षरांत. पाद्रीबाबांनी सुचवून पाहिलं की नाव जरा लहान असलेलं बरं. तांडेल म्हणाला, पाण्यातून वाचता आलं पाहिजे.

काम देवळाच्या सणापर्यंत व्हायचं होतं. तांडेल समुद्रावर गेला. पण त्याच्या तोंडाचा गवंड्याला इतका धाक, की बोलणी खायला नकोत म्हणून तांडेल परतायच्या आधीच गवंड्याने क्रूस उभा केला आणि चौथऱ्यासकट त्यावर चुन्याचे जाड हात मारले. टेकाड लांबून पांढरंशुभ्र दिसू लागलं. समुद्रावरच्या तांडेलाला याची काहीच कल्पना नव्हती.

परतताना तुफानाने त्यांना गाठलं. दुपारच्या वेळीच अंधारून आलं. डोंगर गेला, किनारा गेला, पावसात काही म्हणजे काही दिसेना. खलाशी भांड्यांनी पाणी उपसत होते आणि तांडेल सुकाणू धरून उभा होता. मग समोर काहीतरी पांढरं दिसलं. देऊळ. खलाशांनी क्रूसाची खूण केली. तांडेलाने होडीचं तोंड त्या पांढऱ्याकडे धरलं.

होडी मात्र त्या बाजूला जाईना. सारखी उजवीकडे वळू बघायची. तांडेल तिला डावीकडे आणायचा, ती पुन्हा उजवीकडे. शेवटी त्याने एका खलाशाला बोलावलं आणि दोघांनी अंगाचा भार टाकून सुकाणू दाबून धरलं.

नाळेवरून पास्कोल ओरडला, "दादा, ते देवूल नाय. फुडं फेस दिसतंय."

इतक्या काळानंतर भावाने आपणहून काढलेला तो पहिला शब्द होता. तांडेलाने त्याला गप्प बस म्हटलं. चिखलात होडी घालणाऱ्याने आपल्याला वाट दाखवू नये, असंही म्हटलं. पास्कोलने वल्हं उचलून खडकाच्या बाजूला आडवं धरलं.

तेवढ्यात पावसाची सर क्षणभर विरळ झाली आणि त्या पांढऱ्याला दोन हात दिसले. देवळाच्या भिंतीला हात नसतात. तांडेलाने ओळखलं. तो त्याचाच क्रूस होता, आणि त्याखाली त्याचंच नाव. पुढे, अगदी जवळ, हा काळा खडक लाटेखाली जात होता आणि वर येत होता. सर पुन्हा दाट झाली. आता देऊळ कुठे, वाट कुठे, त्याला काहीच सांगता येईना.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने कुठेही बोट दाखवलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं. त्याची अब्रू राहिली असती, निदान खडकावर आपटेपर्यंत. मला या गोष्टीत खरी भीती वाटते ती इथे, लाटांची नाही.

तांडेल म्हणाला, "मना वाट ठावूक नाय."

मग त्याने शीड उतरवायला सांगितलं आणि सगळ्यांदेखत होडीत साचलेल्या पाण्यात गुडघे टेकले. एक हात अजून सुकाणूवरच होता. 'आमच्या बापा' म्हणू लागला. जन्मभर घडाघडा म्हटलेली प्रार्थना, पण देवाच्या इच्छेप्रमाणे होवो असं जिथे म्हणायचं, तिथे त्याची जीभ अडली म्हणे. तो पुन्हा तिथवर आला, पुन्हा अडला. खडक वल्ह्याच्या अंतरावर आला. तेव्हा त्याने ते शब्द म्हटले आणि सुकाणूवरचा हात काढला.

होडी उजवीकडे वळली. खडक इतक्या जवळून गेला, की पास्कोलचं वल्हं त्यावर मोडलं. पुढची लाट त्यांना उचलून आत घेऊन आली आणि पाणी एकदम संथ झालं.

शिकलेले पाहुणे मला सांगतात की यात चमत्कार नाही, भरतीचा ओढा खडकाच्या उजवीकडूनच शिरतो. अहो, मला ठाऊक आहे. मी इथे जन्म काढलाय. पण ती भरती तर त्याला केव्हाची आत ओढत होती. हात त्याचाच आड येत होता.

बंदराला लागल्यावर, जिथे भावाची टर उडवली होती तिथेच, सगळ्यांसमोर, तांडेलाने पास्कोलच्या पायांना हात लावून माफी मागितली. थोरल्याने धाकट्याच्या पाया पडणं आमच्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. सणाला पाद्रीबाबा क्रूसाला आशीर्वाद द्यायला आले, तर हा म्हणतो, तो तिथून काढायचा. पाद्रीबाबा रागावले. देवाला दिलेलं परत घेता येत नाही, म्हणाले.

"क्रूस देवाचाच हाय," तांडेल म्हणाला. "चौथरा तेवढा माजा होता."

क्रूस त्याने या खडकावर बसवला, वाट चुकू नये म्हणून. नावाचा दगड मात्र बंदरावर पायरी म्हणून टाकला, अक्षरं वर करून. माझं नाव कोणी तोंडी घेऊ नये, पायाखाली घ्यावं, एवढंच त्याने गावाकडून मागून घेतलं, असं सांगतात. पुढच्या हंगामात सुकाणूवर पास्कोल होता आणि नाळेवर तांडेल.

आजही भरतीला आत येताना खडप्याचा प्रत्येक तांडेल इथे हात सोडतो. एरवी समुद्रभर आम्ही सुकाणू घट्टच धरतो, आळशांची ही रीत नव्हे. पण खरं सांगू? इतकी वर्षं झाली, तरी त्या एका ओळीपाशी माझी बोटं अजून सुकाणूकडे वळतात.

चला, बंदर आलं. जपून उतरा. ती पहिली पायरी, मधे झिजलेली, तीच ती. अक्षरं शोधू नका, कोळणींच्या पायांनी केव्हाच पुसली. कडेकडेने जाऊ नका हो, बाई. मधोमध पाय द्या. तेवढ्यासाठीच त्याने ती टाकली आहे.