लिंपलेली खोली

फार जुन्या काळची, डोंगरावरच्या देवळाला अजून कळसही चढला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. त्या डोंगराच्या पायथ्याशी लोहारांचं एक गाव होतं. खिंडीतून तिथे बारमाही बोचरं वारं यायचं, आणि गावाला त्या वाऱ्याची मोठी धास्ती होती.

म्हणून गावात एक रीत पडली होती. घरात मूल जन्मलं की आजोबाने बाळंतिणीची खोली स्वतःच्या हातांनी लिंपायची. खिडकी, झरोका, भिंतीतली भेग, सारं शेणामातीने बंद. मग आत दिवा लावायचा. ज्योत जराही हलली नाही की शेजारीपाजारी म्हणायचे, "नशीबवान हाय बाळ. आज्याची माया पातळ न्हाई."

त्या गावातल्या एका म्हाताऱ्या लोहाराची माया तर फारच दाट होती. त्याला दोन नाती झाल्या आणि दोघीही बारशाआधीच गेल्या. कुठून तरी वारा शिरला असेल, असं गाव म्हणालं. म्हाताऱ्याने ते मनाला लावून घेतलं होतं.

आता सून पुन्हा बाळंत झाली. याही वेळी मुलगीच. म्हाताऱ्याने खिडकीवर हातावर हात चढवून जाड लिंपण घातलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, बाहेरून घोंगडं टांगलं आणि आत निखाऱ्यांची शेगडी ठेवली. ज्योत चित्रात काढल्यासारखी उभी राहिली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भट्टीवर बसला होता. मुलगा कोळसा आणायला रानात गेला होता. म्हाताऱ्याने भात्याची दांडी ओढली, पण भाता काही केल्या फुगेना. भट्टीतले निखारे काळवंडत चालले. शेवटी त्याने भाता उलटा करून पाहिला. हवा आत घेणाऱ्या भोकातच कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि भोक पार बुजवून टाकलं होतं.

"अगं बाई, तुझ्या पिल्लांपायी माझी भट्टी इझवतीस व्हय?" तो हसून म्हणाला आणि खिळ्याने ती माती टोकरू लागला.

टोकरता टोकरता त्याचा हात थांबला. सकाळपासून बाळाचं रडणं कानावर आलं नव्हतं.

लहानथोरांनो, आपल्या प्रत्येकाच्या छातीत असाच एक भाता आहे. बरगड्या वर उचलल्या जातात, छातीखालचा मांसल पडदा खाली सरकतो, आणि नाकावाटे हवा आत येते. श्वासनळीतून ती दोन्ही फुफ्फुसांत उतरते. तिथे साबणाच्या फेसासारखे इवले इवले फुगे आहेत, आणि त्यांच्या पातळ भिंतींना लागून रक्त वाहतं. ते हवेतला प्राणवायू उचलतं आणि अंगात साठलेला निकामी वायू तिथे टाकतं. मग बरगड्या खाली बसतात, पडदा वर येतो, नको ते बाहेर जातं. पण बाहेरही तेच कोंडून राहिलं असेल, वर शेगडीने त्यात विष कालवलं असेल, तर बिचाऱ्या भात्याने ओढायचं तरी काय?

म्हाताऱ्याला त्या फुग्यांचं काही ठाऊक नव्हतं. भाता मात्र ठाऊक होता. खिळा तिथेच टाकून तो धावला.

घोंगडं ओढून काढत त्याने दार ढकललं. दिवा वातीपाशी कसाबसा मिणमिणत होता. सून निपचित पडली होती. बाळाच्या ओठांचा रंग उतरला होता. त्याने बाळाला उचललं आणि अंगणात आणलं, थेट वाऱ्यात.

त्याची म्हातारी ओरडत आली. "अवो, येड लागलं का तुमाला? वारं लागंल पोरीला!"

"लागू दे! वाऱ्याबिगर मरतीया ती. तू आत जा, सुनंला वड भाईर!"

म्हातारीने सुनेला ओढत बाहेर आणलं. म्हातारा तळहातावरच्या त्या एवढ्याशा छातीकडे बघत राहिला. ती हलेना. मग इवल्या बरगड्या थरथरल्या, वर उचलल्या गेल्या, आणि पोरीने असा टाहो फोडला की शेजारी गोळा झाले. सून खोकत उठून बसली आणि बाळासाठी तिने हात पुढे केले.

म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "देवच पावला. पर मला सांगा, त्या दोघींच्या वक्ताला वारं कुठनं शिरलं व्हतं?"

म्हाताऱ्याने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून शेणमाती होती.

"वारं शिरलं नव्हतं," तो म्हणाला. "म्या शिरू दिलं नव्हतं."

म्हाताऱ्याने घण उचलला आणि लिंपलेली खिडकी फोडून काढली. मग जिथे जिथे तान्हं मूल होतं तिथे तो घण घेऊन गेला, आणि प्रत्येक उंबऱ्यावर आपल्या दोन्ही नातींची हकीकत सांगितली. सांगताना दर वेळी रडला.

तेव्हापासून त्या गावात मूल जन्मलं की आजोबा खोलीची खिडकी उघडतो आणि आत दिवा लावतो. ज्योत हलली की शेजारी म्हणतात, "नशीबवान हाय बाळ."

तात्पर्य : जिवाला जपताना त्याला श्वास घ्यायची वाट मोकळी ठेवावी, सगळ्या वाटा बंद करणारी माया जीव घेते.