खुणेवाचून

एका राज्यात आचार्य शारंगधर नावाचे एक वृद्ध पंडित राहत होते. त्या राज्याचे नाव आज कोणालाच आठवत नाही. आणि ज्यांच्यामुळे ही गोष्ट टिकली, त्या आचार्यांना तरी सगळे नीट आठवत होते की नाही, याची त्यांची त्यांनाच शंका होती. सांगायला बसले की मध्येच थांबत. म्हणत, "डोंगराला दरवाजे तीन होते. की चार? नाही, तीनच. टिटवी साक्षीला होती. पण टिटवीची साक्ष कोण धरणार?" तेव्हा दरवाजे तीनच होते असे धरून चालू.

राज्याचा राजा मणिकर्ण. त्याच्या दरबारात एकदा धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. म्हणाला, "मी वाऱ्याला दावणीला बांधतो." राजा म्हणाला, "खूण दाखव." मांत्रिकाने वारा खांबाला बांधून दाखवला. राजा म्हणाला, "दुसरी दाखव." मांत्रिकाने सभामंडपातल्या दगडी हत्तींना ऊस खाऊ घातला. राजा म्हणाला, "आणखी एक."

तेव्हा मांत्रिक हसला. "राजा, खुणेने तुझं समाधान होणार नाही. तर तसंच असो. यापुढे तुझ्या राज्यात जो तो खूण मागेल, आणि कोणतीच खूण पुरणार नाही."

त्याने कमंडलू उपडा केला. त्यातून पाणी आले नाही, धुके आले. अमात्य वीरबाहू यांनी धावत जाऊन त्याचे पाय धरले, तेव्हा त्याने उःशाप दिला: "देवाला भेटून आलेला माणूस राजासमोर येऊन बसेल, तेव्हा धुकं फिटेल." एवढे बोलून तो स्वतःच्याच धुक्यात दिसेनासा झाला.

धुके घरोघर शिरले. बायका नवऱ्यांना उंबऱ्यावर अडवून विचारू लागल्या, "तुम्हीच कशावरून?" गोठ्यात गाय वासराला हुंगत राही, पुन्हा हुंगे, आणि पान्हा सोडत नसे. आचार्य शारंगधर दाराला कडी लावून अंथरुणावर टेकत, उठत, कडी बघत, पुन्हा टेकत, पुन्हा उठत. खरे सांगायचे तर हे ते धुक्याआधीही करीत असत.

देवाला भेटून आलो म्हणणारे पुष्कळ आले. एकाच्या तळव्यातून चंदनाचा वास येत होता, एकाच्या जटेतून पाणी झिरपत होते. राजाने प्रत्येकाला दुसरी खूण मागितली, आणि सगळे आल्या वाटेने गेले.

मग राजपुत्र अरिंजय सरहद्दीवरून परत आला. राजाने त्याला वेशीतच विचारले, "तू कोण?"

अरिंजय हसला. मग त्याच्या ध्यानात आले की वडील हसत नाहीत. त्याने घोड्यावरून पडल्याचा व्रण दाखवला. आई कोणती अंगाई म्हणायची ते म्हणून दाखवले. लहानपणी सिंहासनाखाली लपून बसलो होतो, तेव्हा आपण काय बोलला होतात, तेही सांगितले.

राजा म्हणाला, "इतकं पाठ करून आलेला माणूस माझा मुलगा कसा असेल? खरा मुलगा निम्मं तरी विसरला असता. हा मांत्रिकाने पाठवलेला तोतया आहे. पौर्णिमेच्या सकाळी याचा कडेलोट करा."

अमात्य आचार्यांच्या घरी आले. अरिंजयला अक्षरओळख आचार्यांनीच करून दिली होती.

"आचार्य, देवाविषयी तुमच्याइतकं या राज्यात कोणाला ठाऊक आहे? आता तुम्हीच जा."

आचार्य 'हो' म्हणाले, कारण 'नाही' म्हणायला तोंड उघडेना. मग ते तयारीला लागले. पोथ्या काढल्या, टीका काढल्या, टीकांवरच्या टीका काढल्या. चंद्र भरत चालला आणि आचार्य वाचीत राहिले. चतुर्दशी उजाडली तेव्हा त्यांची पत्नी सुमतीबाई घोंगडी घेऊन समोर उभी राहिली.

"अहो, उद्या सकाळी त्या लेकराचा कडेलोट आहे, आणि तुम्ही अजून पानं उलटता आहात."

"एक शंका राहिली आहे."

"कोणती?"

आचार्यांनी आवाज खाली आणला. "तो आहे की नाही, ही."

सुमतीबाईंनी घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली. "मग ती बरोबर घेऊन जा. ती फिटेपर्यंत थांबलात तर पोरगा हातचा जाईल."

वेशीबाहेर माळावर एक टिटवी उताणी पडली होती. तिचे दोन्ही पाय आभाळाकडे होते.

आचार्यांनी विचारले, "बाई, हे काय चाललं आहे?"

"आभाळ तोलते आहे. पडलं म्हणजे?"

"आजवर कधी पडलं आहे का?"

"नाही ना! म्हणून तर जास्त काळजी."

आचार्यांना हे लगेच पटले. त्यांनी देवाची वाट विचारली. टिटवी म्हणाली, "समोरच्या डोंगरात तीन दरवाजे आहेत. वाट दाखवीन, पण आभाळ कोण धरील?"

"मी धरतो थोडा वेळ," आचार्य म्हणाले. त्यांनी उजवा हात वर केला आणि दोघे निघाले.

पहिल्या दरवाजावर पितळेचा मुखवटा होता. तो म्हणाला, "देव आहे, हे सिद्ध कर."

आचार्यांचे हे रोजचे काम. घट आहे तर कुंभार आहे, वस्त्र आहे तर विणकर आहे, इथून आरंभ करून त्यांनी असा काही सिद्धान्त उभा केला की मुखवट्याला जांभई आली. दार उघडले.

दुसऱ्या दरवाजावर तांब्याचा मुखवटा होता. तो म्हणाला, "देव नाही, हे सिद्ध कर."

आचार्य घुटमळले. मग त्यांना अरिंजय आठवला आणि ते बोलू लागले. निरपराध मुलाला बाप कड्यावरून ढकलतो आहे, इथून त्यांनी आरंभ केला. या वेळी फार बोलावे लागले नाही. दार उघडले, आणि पहिल्यापेक्षा अलगद उघडले.

टिटवी म्हणाली, "वा! दोन्हीकडून उघडणारे पंडित. दाराला कामाचे, माणसाला काय कामाचे?"

"टोचू नकोस," आचार्य म्हणाले. वर धरलेला हात त्यांनी आणखी ताठ केला. दुसरे उत्तर पहिल्याइतकेच खरे वाटले, हे त्यांनी तिला सांगितले नाही.

तिसऱ्या दरवाजावर लोखंडाचा मुखवटा होता. तो म्हणाला, "आत देवाच्या खुणा आहेत. हवी ती घे."

आत भलेमोठे दालन होते. कधी न विझणारी ठिणगी तिथे होती, न वाजवता वाजणारा शंख होता, आणि पाण्यावाचून उमललेले, न कोमेजणारे कमळ होते. प्रत्येक वस्तूपुढे हात पसरलेली माणसे उभी होती, आणि ती दगडाची होती. एकाच्या दगडी चेहऱ्यावर अजून घाई होती.

आचार्यांनी कमळाकडे पाहिले. राजा खूण मागणार. मागणारच. रिकाम्या हाताने गेलो तर अरिंजय मेला. त्यांनी डावा हात पुढे केला.

"अहो, अहो, अहो!" टिटवी ओरडली.

पण आचार्य थांबले ते तिच्या ओरडण्याने नव्हे, स्वतःच्या स्वभावाने. त्यांच्या मनात आले, 'हे कमळ देवाचंच कशावरून?' आणि लगोलग दुसरे आले, 'हे मलाच वाटतं, तर राजाला वाटणार नाही का? तो म्हणेल, दुसरी दाखव.' त्यांनी हात मागे घेतला. करंगळीचे नख तेवढे दगडाचे झाले होते. ते पुढे जन्मभर तसेच राहिले.

दालनापलीकडे एक लहानशी खोली होती. तिथे मूर्ती नव्हती, दिवा नव्हता, विचारायला मुखवटाही नव्हता. उघड्या झरोक्यातून दुपारचे ऊन येत होते, एवढेच. आचार्य भुईवर बसले.

त्यांना एखादे स्तोत्र म्हणायचे होते. पहिली ओळ आठवली. दुसरी त्याचीच की दुसऱ्या कुठल्या स्तोत्राची, ते कळेना. चुकीचे म्हटले तर? त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. असे किती वेळा झाले कोण जाणे. ऊन भिंतीवर चढले.

शेवटी ते शेजारच्या माणसाशी बोलावे इतक्या हळू बोलले.

"तू आहेस हे मी आज सिद्ध केलं. तू नाहीस हेही केलं. आता माझ्याजवळ काही उरलं नाही. अरिंजय उद्या मरेल. मला फार भीती वाटते आहे."

'ऐकतो आहेस ना?' असे त्यांच्या ओठांवर आले होते. पण तेही खूण मागणेच झाले असते. त्यांनी ते गिळले आणि म्हटले, "मी इथे आहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हटले. मग नुसता श्वास येत-जात राहिला आणि तेच म्हणत राहिला.

भीती गेली नाही. पण जी एकटी होती, ती एकटी राहिली नाही. कोणीतरी येऊन तिच्याजवळ बसावे तसे झाले. कोण, ते आचार्यांनी वळून पाहिले नाही.

ऊन झरोक्यातून निघून गेले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आपले दोन्ही हात मांडीवर आहेत. आभाळ धरायचे राहूनच गेले! दचकून त्यांनी टिटवीकडे पाहिले. ती कोपऱ्यात झोपली होती. तिचे पाय खाली होते. आणि झरोक्याबाहेर आभाळ जागच्या जागी होते.

आचार्य डोंगर उतरले आणि चालत राहिले. कड्यावर पोहोचले तेव्हा पूर्व उजळली होती. धुके इतके दाट होते की कड्याची धार दिसत नव्हती. धारेवर अरिंजय उभा होता, हात मागे बांधलेले. राजा, अमात्य आणि मारेकरी सूर्य वर येण्याची वाट पाहत होते.

राजा म्हणाला, "देव भेटला?"

"भेटला असं वाटतं, महाराज."

"वाटतं!" कोणीतरी धुक्यात फिसकन हसले.

"खूण?"

"आणली नाही."

"आणली नाही, की नव्हती?"

"होत्या, महाराज. पुष्कळ होत्या. आपल्याला पुरल्या नसत्या."

"मग आलास कशाला?"

"बसायला," आचार्य म्हणाले. उःशापात तेवढेच सांगितले होते. ते अरिंजयच्या पायाशी बसले. त्यांचे गुडघे वाजले, आणि त्या शांततेत ते सगळ्यांनी ऐकले.

अरिंजयही खाली बसला. हळूच म्हणाला, "गुरुजी, काय म्हणू? कोणता श्लोक?"

"कोणताच नको. इथे आहेस, एवढंच त्याला सांग."

आचार्यांनी डोळे मिटले. डोंगरात जे जवळ बसले होते ते इथे येईल का? ते खरेच होते का? दमलेल्या म्हाताऱ्याचा भास तर नव्हता? शंका एकामागून एक येत होत्या. त्यांनी त्यांना हाकलले नाही. येऊ दिले, बसू दिले, आणि श्वासाबरोबर तेच म्हणत राहिले. शेजारी अरिंजयही पुटपुटत होता, "मी इथे आहे. मी इथे आहे."

राजा खेकसला, "अमात्य, हा म्हातारा करतो काय?"

"काही नाही, महाराज. बसला आहे."

"यात काहीतरी डाव आहे." राजाच्या पावलांचा आवाज जवळ आला. मग वस्त्रांची सळसळ झाली. डाव जवळून बघण्यासाठी राजाही खाली बसला होता.

मारेकऱ्याने विचारले, "महाराज, सूर्य वर आला. आज्ञा?"

मारेकऱ्याचे पाऊल पुढे वाजले.

"महाराज, आज्ञा?"

"थांब जरा," राजा म्हणाला. आचार्यांना आपल्या डाव्या हाताला मुलाचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यापलीकडे आणखी एक, जड आणि अडखळणारा.

मग राजाचा आवाज आला. निराळाच आवाज, घरातला. "अरिंजय, ओठ किती सुकलेत रे तुझे! अरे, पाणी आणा कोणीतरी!"

आचार्यांनी डोळे उघडले. राजाचा हात मुलाच्या खांद्यावर होता. दरी तळापर्यंत दिसत होती. खाली नदी होती आणि नदीवर ऊन होते. धुके कुठेच नव्हते.

त्या दिवशी गोठ्यांतून गाईंनी पान्हा सोडला. उंबऱ्यावर अडलेले नवरे घरात गेले. डोंगरातली दगडी माणसे ओशाळल्या चेहऱ्याने आपापल्या गावी परतली. वर्ष उलटल्यावर अरिंजय सिंहासनावर बसला, आणि त्याच्या राज्यात कोणी कोणाला दोनदा खूण मागितली नाही.

आचार्य मात्र आचार्यच राहिले. रोज सकाळी ते गुपचूप बसत, 'मी इथे आहे' म्हणत, आणि उठताना त्यांना शंका येई. सूर्य वर आला की धुके एरवीही फिटते. मग त्या सकाळी झाले ते काय होते? आधी धुके फिटले, आणि म्हणून बापाने मुलाला ओळखले, असे तर नसेल? त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी पाहिले नव्हते.

पुष्कळ वर्षांनी, मणिकर्ण राज्य सोडून नदीकाठी झोपडीत राहत असता, आचार्य काठी टेकीत तिथे गेले. पाणी पिऊन झाले, प्रकृतीची चौकशी झाली. मग आचार्यांनी विचारले, "महाराज, त्या सकाळी धुकं आधी फिटलं, की आपण हात आधी ठेवलात?"

म्हाताऱ्या राजाला आठवावे लागले नाही.

"हात आधी," तो म्हणाला. "हात ठेवला तेव्हाही तो मला परकाच दिसत होता."