हुबेहूब गाव

फार मागे, कुठल्या राजाचं राज्य होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, तेव्हा एका नदीच्या काठावर एक गाव होतं. नदी गोड पाण्याची, पण खादाड. दरवर्षी हात-दोन हात काठ खायची. एका वर्षी तिनं घाटाच्या पायऱ्या खाल्ल्या, पुढच्या वर्षी कुंभाराची भट्टी. मग गावानं ठरवलं, वर माळावर राहायला जायचं.

इथवर शहाणपण होतं. पण पाटलांना वाटलं, लेकरं लहान आहेत, घाबरतील, रडतील. ते म्हणाले, "पोरांपुढे विषय काढू नका. नवं गाव हुबेहूब जुन्यासारखं बांधू. चार दिवसांत विसरतील."

आता बघा मोठ्या माणसांची अक्कल. तीच गल्ली, तोच पार, दारंसुद्धा त्याच दिशेला. जुन्या गावात दारातून नदीचा गारवा यायचा. माळावर त्याच दारातून धुरळा यायचा आणि भाकरी कचकच लागायची. पंतोजींची शाळा चिंचेखाली भरायची, म्हणून चिंचेची मोठी फांदी तोडून माळावर रोवली. ती सुकली. तेव्हा पाटील आणि पंतोजी दोघं पहाटे उठून तिला दोऱ्यानं ताजा पाला बांधू लागले.

पोरं बघत होती. पोरांना सगळं दिसतं. पण विचारलं, की उत्तर ठरलेलं, "काही बदललेलं नाही. पाटी काढ."

हळूहळू पोरं गप्प झाली. खेळ थांबले. सात वर्षांची सगुणा तर जेवेना.

"आई, आपली नदी कुठाय?" तिनं विचारलं.

"आहे गं इथंच. खा मुकाट्यानं."

इथंच आहे म्हटल्यावर पोर शोधणारच. दुसऱ्या दिवशी सगुणा शाळेतून उठली. गल्ली संपते तिथं नदी असायला हवी होती. नव्हती. म्हणून ती पुढं चालत राहिली, उतार उतरून थेट खाली.

गावची म्हातारी सुईण कोंडाक्का मुळ्या खणायला तिकडेच गेली होती. तिला दिसलं, जुन्या गावात काठाच्या अगदी कडेवर सगुणा बसली आहे. खालची माती नदीनं पोखरलेली, ढेकळं सुटून पाण्यात पडताहेत. कोंडाक्का ओरडली नाही. पोटावर आडवी झाली, सरकत गेली आणि पोरीला दंडाला धरून मागं ओढलं. दोघी दहा पावलं मागं आल्या असतील, तोच ती कड पाण्यात गेली.

"इथं कशाला आलीस गं?"

"आई म्हणाली नदी इथंच आहे. मला वर माळावर दिसेना. मला वाटलं, माझे डोळे बिघडले."

कोंडाक्कानं पोरीला कडेवर घेतलं आणि तडक शाळा गाठली. पाटील तिथंच होते.

"पाटील, अर्धं गाव या हातांनी जगात आणलंय मी. तुम्हालाही. उबेतून बाहेर आलात तेव्हा केवढे रडलात. मग काय परत आत घातलं तुम्हाला? पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं आणि रडू दिलं. आज ही पोर नदीत गेली असती. का? तर तिनं रडू नये म्हणून."

"मनात वाईट नव्हतं, आक्का," पाटील म्हणाले.

"ठाऊक आहे. म्हणून तर नुसती बोलतेय."

पाटील पोरांपुढं उकिडवे बसले. "पोरांनो, आपलं गाव गेलं. घाट, भट्टी, चिंच, काहीच परत येणार नाही. मी खोटं बोललो. मलाच ते गाव जायला नको होतं."

आधी कुंभाराचा पोरगा रडला, मग सगळीच. पंतोजी गप्प करायला निघाले, तर कोंडाक्कानं त्यांचं उपरणं धरून खाली बसवलं. "तुम्हीही रडून घ्या."

रडणं ओसरल्यावर सगुणानं विचारलं, "मग इथं काय आहे?"

दोन महिने राहूनही मोठ्यांपैकी कुणी माळ नीट पाहिला नव्हता. मग कोंडाक्का पोरांना घेऊन निघाली. जे सापडेल त्याला शोधणाऱ्यानं नाव द्यायचं, असं ठरलं. एकाला बोरीची जाळी सापडली. एकाला हाक परत देणारा कडा. सगुणाला उघड्या खडीत टिटवीची चार अंडी.

त्या दिवशी ती अर्धी भाकरी जेवली. सगळं लगेच बरं झालं, असं मी सांगणार नाही. कितीतरी संध्याकाळी ती खाली नदीकडं बघत बसायची. कोंडाक्का शेजारी बसायची.

पुढच्या वर्षी नदीकाठच्या दुसऱ्या एका वस्तीतलं कुटुंब उठून माळावर आलं. त्यांचा लहानगा आईच्या पदराआड तोंड लपवून उभा होता. सगुणा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तुझं गाव गेलं का रे?"

त्यानं मान डोलावली.

"आमचंही गेलं. आधी रडून घे. मी थांबते. मग तुला माळ दाखवते."

पोरगा खूप वेळ रडला. सगुणा थांबली. मग दोघं माळावर निघाली.

बोध: बदल लेकरापासून लपवू नका, खरं सांगा, रडू द्या, हात धरा, मग ते नव्या जागी आपल्या पायांवर उभं राहतं.