टिटवीचं ओलं पोट

नदीला अजून धरण नव्हतं तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात अंडी करपू नयेत म्हणून टिटव्या नदीत पोट भिजवून येत आणि अंड्यांवर बसत. एका वर्षी त्यांच्यात वाद पडला, अंडी वाळूत घालायची की वर दरडीवर? शेवटी त्या बगळ्याकडे गेल्या, कारण त्याचा हिशेब पक्का समजला जाई. त्याचं स्वतःचं घरटं उंच झाडावर होतं, पण ते कुणी ध्यानात घेतलं नाही.

बगळा म्हणाला, "दरडीवर रोजची चढउतार, रोजची दमछाक. अवेळी पूर येतो तो कधीतरी. वाळूच परवडते."

"आणि अंडी वाहून गेली तर?" थोरल्या टिटवीने विचारलं.

"अहो ताई, जी अजून घातलीच नाहीत, ती हिशेबात कशी धरायची?"

सगळ्यांना पटलं. थोरलीलाही.

मग डोंगरात वळीव कोसळला आणि भर दुपारी लोंढ्याने वाळू अंड्यांसकट धुऊन नेली.

दुसऱ्या दिवशी बगळा आला. "वाईट झालं. पण तुमची दमछाक तर वाचली ना?"

ऊन चढलं तशी थोरली सवयीने नदीत उतरली, पोट भिजवून वर आली आणि कुठे बसायचं ते न कळून तशीच उभी राहिली, पोट वाळेपर्यंत.